आधी गोठ्यात, मग घरात : तीन कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे
मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी तीन लिहिली असती तर ती तीन फायलींना लागली असती, आणि माणसांच्या व जनावरांच्या आजारांचा अभ्यास असाच वेगवेगळ्या फायलींत अडकतो, हाच पत्राचा विषय आहे.

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी, गावाच्या भाषेत गुरांचा डॉक्टर. पुरंदर, भोर, शिरूर, जुन्नर असं फिरत पुणे जिल्ह्यातच एकतीस वर्षं नोकरी झाली. आता औंधला राहतो. आमच्या सोसायटीतली एक मुलगी पीएच.डी. करते आहे. कुठे ते सांगत नाही, तिला अजून तिथेच दिवस काढायचे आहेत. विषय घेतला होता ब्रुसेलोसिस. गाई-म्हशींचा सांसर्गिक गर्भपात तो हाच, आणि हाच जंतू माणसाच्या अंगात शिरला की महिनोन्‌महिने ताप. गोठा तपासायचा आणि त्या गोठ्यात राबणारं घरही तपासायचं, असा तिचा बेत होता. मागच्या महिन्यात जिन्यात भेटली. म्हटलं, काय म्हणतोय अभ्यास? तर म्हणाली, “काका, मी विषयातून माणसं काढून टाकली.”

माणसाचं रक्त घ्यायला एका समितीची मंजुरी, जनावराचं घ्यायला दुसऱ्या समितीची. दोन्हींच्या बैठका वेगळ्या, अर्ज वेगळे, शंका वेगळ्या. मेडिकलकडचा सहमार्गदर्शक मिळालाही, पण त्याच्या संस्थेच्या नियमात हिचं नाव कुठे बसेना. दीड वर्ष कागद फिरले आणि तिकडे फेलोशिपची मुदत संपत चालली. शेवटी गाईडच म्हणाले, गाई ठेव, माणसं सोड. मी त्या मुलीला दोष देत नाही, गाईडनाही नाही. पण तिच्या प्रबंधात आता गाई असतील आणि त्यांची धार काढणारं कुणीच नसेल.

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो.

२००३ चा पावसाळा. पुरंदरमधलं एक गाव, नाव राहू द्या. वस्तीवरून बोलावणं आलं, गाय सातव्या महिन्यात गाभडलीय, म्हणजे गाभ टाकलाय, आणि वार अडकलीय. गेलो. लांब हातमोजे संपले होते. ते आमच्याकडे यायचे तेव्हा यायचे. साबण चोळला, कोपराच्या वरपर्यंत हात घातला आणि जिथे जिथे वार चिकटली होती तिथून बोटांनी सोडवत अर्ध्या तासाने ती बाहेर काढली. मेलेलं वासरू कुंपणाशी पडलं होतं, कुत्रं भोवती घुटमळत होतं. मालकाच्या सुनेने सगळं घमेल्यात भरलं, उकिरड्यावर टाकून आली, हात पदराला पुसले आणि मला चहा आणून दिला. तो मी घेतला.

महिन्याभराने मला ताप. दुपारपर्यंत माणूस धडधाकट. दिवे लागणीला अंग कणकणायचं, रात्री बनियन पिळावं इतका घाम, सकाळी परत जैसे थे. कंबर तर अशी धरली की मोटारसायकलला किक मारता येईना. विडाल केली, टायफॉइड म्हणाले. गोळ्या झाल्या, ताप आठ दिवस गेला आणि माघारी आला. मग मलेरियाचा इलाज. मग कमरेचा फोटो, आणि मणक्याचा टीबी असावा अशी चर्चा. या साऱ्या फेऱ्यात एकाही ठिकाणी मला कुणी विचारलं नाही की तुम्ही नेमकं काम काय करता. केसपेपरवर लिहिलेलं असायचं, ‘व्यवसाय : शासकीय नोकरी’.

खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही. कॉलेजात ब्रुसेलावर पाठ केलेली पानं मला गाईची म्हणूनच आठवत होती.

उलगडा झाला तो चहाच्या टपरीवर. आमचा गुरांचा दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र एकाच आवारात होतं, मधे एक चिंच. आरोग्य केंद्राचे डॉक्टर नवे, तरुण, गप्पिष्ट. दोन वर्षं आम्ही एकत्र चहा पीत होतो आणि बोलत होतो ते बदल्यांवर. त्या दिवशी ते सहज म्हणाले, एका वस्तीवरचे तीन पेशंट आहेत, ताप कशालाच दाद देत नाही. कुठली वस्ती? मी खिशातली डायरी काढली. त्याच वस्तीवर चार महिन्यांत तीन गाई गाभडल्या होत्या. माझ्या डायरीत तीन गाई, त्यांच्या रजिस्टरात तीन माणसं, आणि मधे एक चिंच.

मी माझंच रक्त काढून ठेवलं. वरचं पाणी निवळल्यावर त्याचा एक थेंब पांढऱ्या टाइलवर घेतला, शेजारी गाईंची ब्रुसेला तपासायला आणलेल्या रोझ बेंगॉल अँटिजेनचा एक गुलाबी थेंब. काडीने दोन्ही मिसळले आणि टाइल हातात घेऊन हलवत बसलो. चार मिनिटं थांबायचं असतं. दुसऱ्याच मिनिटाला दूध फाटावं तसे गुलाबी कण धरायला लागले, म्हणजे ब्रुसेलाच. डॉक्टर वाकून बघत होते. म्हणाले, “हे माणसाला चालतं?” चालतं. जंतू तोच आहे आणि ही परीक्षाही तीच. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत खात्री झाली, डॉक्सिसायक्लीन आणि रिफाम्पिसीनचा सहा आठवड्यांचा कोर्स झाला, मी उठलो. त्या तिघांनाही औषध मिळालं. तिघांतली एक ती सून. दोन महिन्यांपूर्वी तिचं पोट पडलं होतं. ते कशाने, हे आम्हाला सांगता आलं नाही, कारण तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं.

महोदय, सगळा विषय मला त्या एका चिंचेएवढा वाटतो. माणसांना होणाऱ्या संसर्गजन्य रोगांपैकी निम्म्याहून अधिक प्राण्यांकडून आलेले आहेत, हे आता शाळेच्या पुस्तकातही असेल. ते मला पटवून द्यायचं नाही. मला म्हणायचं आहे ते इतकंच, की या रोगांची वर्दी बहुतेक वेळा आधी जनावरात लागते, मग माणसात, आणि जनावराची नोंद ज्या वहीत असते ती वही माणसाच्या डॉक्टरला कधी दिसत नाही.

पुण्याला तर हे ठाऊक असायला हवं. १८९७ च्या प्लेगात इथे गोऱ्या सोजिरांनी घरं धुंडाळली, ओट्यावरचं सामान रस्त्यात आणलं, रोगी हुडकून छावणीत नेले. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत त्या वेळी गव्हर्नरांचा बंगला होती. २२ जूनच्या रात्री तिथला समारंभ आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडवर त्याच रस्त्यात गोळी झाडली गेली. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्याच प्लेगात, त्याच वर्षी १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, ज्यांचं नाव आज विद्यापीठावर आहे. उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. पण आपली जुनी माणसं काय म्हणायची? ‘उंदीर पडला, घर सोडा.’ पिसूचं शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. आढ्यावरून उंदीर पडू लागले की शेतात झोपड्या घालून राहायला जायचं, एवढं कळत होतं. उंदराच्या मरणाची दखल घेणारी ती एक पद्धतच होती म्हणा ना.

साठ वर्षांनी याच शहराने ते शास्त्रशुद्ध करून दाखवलं. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं, आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, आसपासच्या गावांत माणसंही तापाने फणफणली. पुण्याची माणसं तिकडे गेली. मेलेल्या माकडांतून, आजारी माणसांच्या रक्तातून आणि गोचिडांतून एकच विषाणू निघाला, तोवर जगाला ठाऊक नसलेला. तिन्ही नमुने एकाच केंद्राने पाहिले म्हणूनच ते इतक्या लवकर जमलं, असं माझं मत. पुढे २०१६ मध्ये तो आजार आपल्या सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्गाकडे आला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं नाव सरळ ‘माकडताप’ ठेवलं. कुठे काय बघायचं, ते नावातच आलं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या त्याही याच संस्थेला, २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांतून. म्हणजे हे काम पुण्याला येत नाही असं नाही.

मग बिघडतं कुठे? २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. आम्हा गुरांच्या डॉक्टरांना तिकडे पाठवलं. पांढऱ्या झग्यात घामाघूम होऊन कोंबड्या मारत होतो. कोंबड्यांचे नमुने गेले भोपाळला, माणसांचे आले पुण्याला. दोन्ही प्रयोगशाळा उत्तम, याबद्दल वाद नाही. पण पोल्ट्रीवर काम करणारी पोरं मलाच विचारायची, साहेब, आमचं रक्त कुठे गेलं, काय निघालं? आणि मला माहीत नसायचं.

आणि जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी. चालतीबोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन आडवी झाली, काही व्हेंटिलेटरवर गेली. गियाँ बारे हे नाव पुण्यात रिक्षावाल्यालाही पाठ झालं. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, तिला काही होत नाही. माणसाला होते ती साधी हगवण. पण त्या जंतूचं कवच आणि आपल्या नसांवरचं आवरण यांत थोडं साम्य आहे. शरीर जंतूवर धावून जाताना एखाद्याच्या बाबतीत स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. त्या वेळी खडकवासला भागातल्या पोल्ट्र्यांचे नमुने घेतले गेले, पाण्याचे घेतले गेले. घेतले हे बरंच झालं. माझा प्रश्न त्याच्या आदल्या वर्षाचा आहे. धरणाच्या अंगाखांद्यावर इतक्या पोल्ट्र्या, खाली इतकी वस्ती, मधे विहिरी आणि टँकर. कोंबडीच्या विष्ठेत काय आहे, विहिरीत काय उतरतं आणि खालच्या दवाखान्यात हगवणीचे किती येतात, हे तिन्ही एकत्र मांडणारा एखादा साधा एम.एस्सी.चा प्रकल्प हाताशी असता, तर जानेवारीत निदान सुरुवात कुठून करायची ते ठाऊक असतं.

आता मागणं. मला नवी इमारत नको. नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची, म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या संस्थेची, पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय प्राणी जैवतंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने याच कामासाठी सत्तावीस संस्थांचा संघ बांधला गेला. ते आपापल्या जागी होत राहील. पुण्यात तर सगळं आहेच. ससून आहे, तिथून फार लांब नाही अशी विषाणू संस्था आहे, विद्यापीठात प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान आहे, आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, औंधला पशुसंवर्धनाचा रोग अन्वेषण विभाग. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत अडकला नाहीत तर विद्यापीठातून औंधला दुचाकीवर दहा मिनिटं. बंगळूर रस्त्याने तासाभरावर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. फक्त पदवी देणारे तिघे तीन शहरांत आहात. विद्यार्थ्याने दोन घरांत पाय ठेवायचा म्हटलं की त्याला दोन्ही घरच्या सासूला विचारावं लागतं.

म्हणून, एका प्रबंधाला दोन मार्गदर्शक, एक माणसांच्या बाजूचा आणि एक जनावरांच्या, आणि ते तुमच्यापैकी कोणत्याही दोन विद्यापीठांचे असले तरी नोंदणी एकदाच, असा नियम तिघांनी मिळून करा. दोन्ही नीतिमत्ता समित्यांना महिन्यातून एक दिवस एका टेबलावर बसवा आणि असे प्रस्ताव त्याच दिवशी घ्या. समित्या सैल करा असं मी म्हणत नाही. माणसाचं रक्त घेताना कडक असायलाच हवं, गाईचं घेतानाही. त्यांनी एकमेकींच्या शंका समोरासमोर ऐकाव्यात, एवढंच. आणि शिरवळची इंटर्नशिपची मुलं व मेडिकलची इंटर्नशिपची मुलं एकाच तालुक्यात असतील तर आठवड्यातला एक दिवस त्यांना एकाच गाडीतून वस्तीवर पाठवा. यातून शोधनिबंध निघेल न निघेल. पण पुढे एखाद्या डॉक्टरच्या तोंडून ‘तुमच्याकडे गुरं आहेत का?’ हा प्रश्न आपसूक निघेल. माझ्या वेळी तो निघाला असता तर माझे तीन महिने वाचले असते.

एक गोष्ट मात्र अवघड आहे आणि ती तुमच्या लोकांनी टाळू नये. संशोधक वस्तीवर येतो, गाईचं रक्त नेतो, दुधाचा नमुना नेतो. घर आशेने वाट बघतं. वर्षाने कुठल्याशा नियतकालिकात छापून येतं, अमुक टक्के पॉझिटिव्ह. त्या घराला कळत नाही की त्या टक्क्यांत आपली गाय होती की नव्हती. आणि कळलं, तर? ब्रुसेला लागलेल्या गाईला औषध देऊन बरं करणं व्यवहारात जमत नाही. ती गाभ टाकते, पुढे कधी नीट वितेही, दूधही देते आणि जंतू सोडत राहते. गाईच्या बाबतीत कत्तलीचा रस्ता १९७६ च्या कायद्यानेच बंद आहे. त्या कायद्याच्या बऱ्या-वाईटात मी शिरत नाही. पांजरपोळ किती गाई घेणार? डेअरीवर कळलं तर दूध परत येणार. मग मालक काय करतो? शनिवारी चाकणच्या बाजारात उभी करतो. मी स्वतः पॉझिटिव्ह सांगितलेली गाय तीन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या दावणीला बांधलेली पाहिली आहे. कानातला पिवळा बिल्ला काढलेला, पण कपाळावरचा चांद कसा लपवणार?

तेव्हा नुसती मोजणी करायला येणाऱ्यांना लोक उद्या दार उघडणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल. संशोधनाच्या प्रस्तावातच लिहिलेलं असू द्या, की गाय पॉझिटिव्ह निघाली तर तिला वेगळं कुठे बांधायचं, तिचं दूध उकळून कसं वापरायचं, गाभडलेलं वासरू चुना घालून किती खोल पुरायचं, आणि त्या गोठ्यातल्या बाईची तपासणी कुठे, कुणाच्या खर्चाने. निकाल आधी त्या घराला मराठीत, एका पानावर, मग नियतकालिकाला. ज्या अर्जात हे पान नाही तो तुमच्या समितीने परत पाठवावा.

आणखी एक. २०१९ पासून केंद्राच्या योजनेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची एस-१९ लस टोचतात. लस चांगली आहे, टोचलीच पाहिजे. पण ती जिवंत जंतूची लस आहे. कालवड उसळली आणि सुई आपल्याच बोटात गेली, तर टोचणाऱ्यालाच आजार. टोचणारी पोरं बहुतेक कंत्राटी, गावचीच. त्यांच्यातल्या कुणाला ताप आला तर तो कुठल्या वहीत लिहिला जातो? तुमच्याकडे विषय शोधणारे विद्यार्थी पुष्कळ असतील. हा एक घ्या म्हणावं. तसाच तालमीतल्या पोरांचा. धारोष्ण दूध पिण्याचं कौतुक आपल्याकडे अजून आहे, आणि ‘उकळून पी’ म्हणणाऱ्या गुरांच्या डॉक्टरला वस्ताद वेड्यात काढतात.

कानातल्या बिल्ल्यावरून आठवलं. गाईच्या बिल्ल्याला बारा अंक असतात. मालकाच्या आधारलाही बाराच. दोन्ही नंबर एका कागदावर आले की लोकांना धास्ती वाटणार आणि ती रास्त आहे, म्हणून सगळ्या गावाचे नंबर जोडा असं मी म्हणत नाही. पण ज्या घराने स्वतःहून हो म्हटलं आहे, त्या घराच्या अभ्यासात तरी गाय आणि बाई एका पानावर याव्यात.

माझ्याकडे १९९१ पासूनच्या डायऱ्या आहेत. कुठली गाय कुठल्या वस्तीवर गाभडली, कितव्या महिन्यात, वार पडली की काढावी लागली, कुठून विकत आणली होती. अक्षर वाईट आहे आणि काही पानांवर शेणाचे डाग आहेत, पण तारखा पक्क्या. त्या त्या वर्षांचं आरोग्य केंद्रांचं तापाचं रजिस्टर कुणी शेजारी ठेवलं तर काही निघेल असं वाटतं, निदान पुरंदरपुरतं. सोसायटीतल्या मुलीला मी त्या देऊ केल्या. ती म्हणाली, काका, आता नाही घेता येणार, माझ्या विषयात माणसं नाहीत.

तेव्हा डायऱ्या अजून माझ्याकडेच आहेत, माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. दोन मार्गदर्शक घेऊन येणारा पहिला विद्यार्थी त्या घेऊन जाऊ शकतो. अक्षर लावायला मी बसेन सोबत. सकाळी नऊनंतर घरीच असतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
औंध, पुणे